राहणाऱ्यासाठी राखलेली जागा

नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट या गावात एक माँटेसरी शाळा आहे. १९६० ते १९६६ या काळात ती आखली आणि बांधली गेली. तिच्या सामाईक दालनाच्या मधोमध विटांचा एक बुटका चौकोनी चौथरा आहे. तो उचलता येत नाही आणि भिंतीला सरकवूनही ठेवता येत नाही. दालनाचा मधला भाग मोकळा असला म्हणजे हवी तशी मांडामांड करता येते, असा आपला सर्वसाधारण समज असतो. या चौथऱ्यासमोर तो टिकत नाही. मुले त्याच्या कडेवर बसून हस्तकाम करतात. कुणी त्यावर उभे राहून वर्गाला काही सांगते, कुणी त्याच्याभोवती पळते. त्याच्या पोटातून लाकडी फळ्यांचे भाग बाहेर ओढले की त्याचाच रंगमंच होतो आणि ही जोडणी मुले स्वतः करतात. चौथरा जागचा हलत नाही, म्हणूनच सारी हालचाल त्याच्याभोवती गोळा होते.

याच शाळेत बालवाडीच्या दालनात नेमके उलट केलेले आहे. तिथे जमिनीत एक उथळ चौकोनी खळगा आहे आणि तो लाकडी ठोकळ्यांनी जमिनीच्या पातळीपर्यंत भरलेला असतो. ठोकळे बाहेर काढले की खळग्यात उतरून मुलांना गोलाकार बसता येते. त्याच ठोकळ्यांची कधी आसने होतात, कधी मनोरे, कधी आगगाडी. दालनातल्या चौथऱ्यावर चढले की सगळ्यांना दिसता येते आणि बालवाडीतल्या खळग्यात उतरले की सगळ्यांपासून थोडे दूर जाता येते.

या शाळेचे वास्तुकार हर्मन हर्ट्झबर्गर. काम हाती घेतले तेव्हा त्यांनी तिशीही गाठलेली नव्हती. पुढच्या अर्धशतकात त्यांनी कार्यालये, घरे, नाट्यगृहे, मंत्रालय आणि कितीतरी शाळा उभ्या केल्या. २०१२ साली ब्रिटनच्या वास्तुकारांच्या राजमान्य संस्थेने त्यांना आपले सुवर्णपदक दिले. पण त्यांचा विचार समजून घ्यायचा तर सुरुवात या चौथऱ्यापासून आणि खळग्यापासूनच करावी लागते. वास्तुकाराने जागेला ठाम आकार द्यावा आणि त्या आकाराचे काय करायचे, हे वापरणाऱ्यावर सोडावे, हे त्यांचे सूत्र या दोन साध्या गोष्टींत पूर्णपणे उतरले आहे.

युद्धानंतरचा देश

हर्ट्झबर्गर यांचा जन्म १९३२ सालचा, ॲमस्टरडॅमचा. ते स्वतः माँटेसरी शाळेत शिकले. मुलाने आपले काम आपण निवडावे आणि आपल्या गतीने करावे, ही त्या शाळांची रीत. ती त्यांच्या अंगात भिनलेली असावी, असे त्यांच्या इमारती पाहताना सतत वाटते. १९५८ मध्ये ते डेल्फ्टच्या तंत्रविद्यापीठातून पदवीधर झाले आणि लगेच स्वतंत्रपणे काम करू लागले.

तो काळ नेदरलँड्समध्ये घरटंचाईचा होता. मे १९४०च्या जर्मन बॉम्बहल्ल्यात रॉटरडॅमचा मध्यभाग बेचिराख झाला होता, युद्धाच्या वर्षांत बांधकाम ठप्प होते आणि लोकसंख्या वाढत होती. घरे लवकर हवी होती, स्वस्त हवी होती आणि हजारोंच्या संख्येने हवी होती. म्हणून एकाच नकाशाच्या इमारती ओळीने उभ्या राहू लागल्या. यामागे आधुनिक वास्तुरचनेचे एक तत्त्वही होते. राहणे, काम करणे, विरंगुळा आणि वाहतूक ही शहराची चार कार्ये मानायची, प्रत्येकाला वेगळा विभाग द्यायचा आणि प्रत्येक खोलीचे काम आधीच ठरवून टाकायचे. हेतू चांगला होता. लोकांना उजेड, हवा आणि स्वच्छता मिळाली. पण शेजार हरवला. घराचे दार उघडले की थेट लांबलचक निनावी मार्गिका लागे, आणि घर व रस्ता यांच्या मधले असे काही उरले नाही.

१९५९ मध्ये नेदरलँड्समधल्याच ओटर्लो या गावी आधुनिक वास्तुकारांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेची बैठक झाली आणि तीच अखेरची ठरली. त्याच वर्षी 'फोरुम' या डच नियतकालिकाची सूत्रे नव्या संपादक मंडळाकडे आली. आल्डो व्हान आइक आणि याप बाकेमा हे त्यातले ठळक चेहरे. सत्तावीस वर्षांचे हर्ट्झबर्गर त्या मंडळातले सर्वांत तरुण सदस्य होते. व्हान आइक यांनी ॲमस्टरडॅममध्ये १९४७पासून मुलांसाठी शेकड्यांनी खेळाच्या जागा तयार केल्या होत्या. वाळूचा हौद, काही लोखंडी कमानी, काही गोल दगड एवढेच त्यांचे साहित्य. यांतली कुठलीच वस्तू एका ठरावीक खेळाला बांधलेली नसे. १९६०मध्ये पूर्ण झालेले त्यांचे अनाथ मुलांचे वसतिगृह म्हणजे लहान लहान घुमटांचे जणू एक गावच. घर हे छोटे शहर आणि शहर हे मोठे घर, असा त्यांचा विचार होता. याच वर्तुळातून जी विचारधारा वाढली तिला पुढे डच संरचनावाद असे नाव पडले. हर्ट्झबर्गर तिचे प्रमुख भाष्यकार झाले.

उंबरठा आणि कट्टा

या विचारात उंबरठ्याला मोठे स्थान आहे. 'आत' आणि 'बाहेर' यांच्यातली सीमा ही एक रेघ असते, असे नकाशावर दिसते. प्रत्यक्ष जगण्यात तिला रुंदी लागते. ओटा, ओसरी, पडवी हे शब्द ज्या भाषेत आहेत, त्या भाषेतल्या वाचकाला हे वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. ओसरीवर बसलेला माणूस घरातही असतो आणि रस्त्यावरही. युद्धोत्तर डच इमारतींतून नेमकी ही रुंदी नाहीशी झाली होती आणि हर्ट्झबर्गर यांनी ती हट्टाने परत आणली.

डेल्फ्टच्या शाळेच्या दाराशी बुटक्या भिंती आहेत. शाळा सुटल्यावर मुले त्यांवर रेंगाळतात, न्यायला आलेले पालक तिथे थांबतात आणि एकमेकांशी बोलू लागतात. मराठीत आपण अशा जागेला कट्टा म्हणतो. ॲमस्टरडॅमच्या वेस्पर रस्त्यावर त्यांनी विद्यार्थ्यांचे वसतिगृह बांधले. त्यात चौथ्या मजल्यावर विवाहित विद्यार्थ्यांच्या घरांसमोर चक्क एक 'रस्ता' आहे. त्यावरचे दिवे उंच खांबांवर न लावता काँक्रीटच्या बुटक्या ठोकळ्यांत बसवले आहेत. त्यामुळे रात्री उजेड डोळ्यांवर येत नाही, शहराचा देखावा झाकला जात नाही आणि ते ठोकळे दिवसा बाकांसारखे वापरता येतात. दिव्यासाठी खर्च करायचाच होता. त्याच खर्चात बसायची जागाही झाली.

ॲमस्टरडॅममधल्याच 'द द्री होव्हन' या वृद्ध आणि अपंगांच्या निवासात, साधारण १९७५च्या सुमारास, त्यांनी खोल्यांना दुभागी दारे दिली. खालची फळी बंद आणि वरची उघडी ठेवता येते. वरची फळी उघडी असली की 'मी आहे, बोलायला हरकत नाही' एवढे कळते. तरीही कुणी थेट आत शिरत नाही. दाराशेजारी कुंडी किंवा आवडीची वस्तू ठेवायला छोटा कठडा आहे. म्हातारपणी चालणे कमी होते, जग खोलीएवढे होते. अशा माणसाला दिवसातून चार माणसांशी सहज बोलता यावे, याची सोय एका दाराने केली. वास्तुरचनेतली करुणा मी याहून सोप्या रूपात क्वचितच पाहिली आहे.

आर्लचे रिंगण

फ्रान्सच्या दक्षिणेला आर्ल या गावी रोमन काळातले प्रचंड रिंगण आहे. पहिल्या शतकाच्या अखेरीस ते झुंजी आणि खेळांसाठी बांधले गेले. रोमन साम्राज्य कोसळले, गाव असुरक्षित झाले आणि लोक त्या रिंगणातच राहायला आले. जाड दगडी भिंतींचा तट झाला, कमानींच्या पोकळ्यांत घरे झाली, मधल्या मैदानात गल्ल्या आणि चौक तयार झाले. दोनशेच्या आसपास घरे आणि देवळेसुद्धा त्यात मावली. एकोणिसाव्या शतकात ही वस्ती हलवण्यात आली आणि रिंगण पुन्हा रिंगण झाले. आज तिथे पुन्हा खेळ होतात.

हर्ट्झबर्गर यांचा हा फार आवडता दाखला. या वास्तूने दोन वेळा आपला अर्थ बदलला, पण आकार सोडला नाही. यावरून त्यांनी एक महत्त्वाचा भेद मांडला. इमारत लवचीक असावी असे अनेकजण म्हणतात आणि मग सरकत्या भिंतींची, कोणत्याही कामाला चालेल अशी तटस्थ पोकळी बांधतात. अशी पोकळी सगळ्यांना चालते, पण कुणालाच आपली वाटत नाही. आर्लचे रिंगण तटस्थ नव्हते. त्याला ठसठशीत आकार होता आणि त्या आकारानेच लोकांना घरे बांधायची कल्पना सुचवली. एका ठाम आकारातून अनेक अर्थ निघू शकणे, या गुणाला त्यांनी बहुमूल्यता असे म्हणता येईल असे नाव दिले. डेल्फ्टचा विटांचा चौथरा हे त्याचे लहानसे रूप.

हे समजावताना ते विणकामाची उपमा देतात. मागावरचे उभे धागे म्हणजे ताणा. तो घट्ट असतो, कापडाला शिस्त आणि बळ देतो. आडवा धागा म्हणजे बाणा. रंग, नक्षी, पोत त्यातून येतात आणि ते विणणाऱ्याच्या मनावर असतात. वास्तुकाराने ताणा लावावा, बाणा राहणाऱ्याने विणावा. दुसरी उपमा वाद्याची. यंत्र आणि वाद्य यांत फरक आहे. यंत्र ठरलेले एकच काम करते. वाद्यातून काय निघेल ते वाजवणाऱ्याच्या तयारीवर ठरते, मात्र त्यासाठी वाद्य नेमके सुरात लावलेले असावे लागते. हर्ट्झबर्गर स्वतः पियानो वाजवतात, हे लक्षात घेतले की ही उपमा त्यांना कुठून सुचली असेल ते कळते.

अर्धे घर, पुरे कार्यालय

हा विचार घराला कसा लागू करायचा? डेल्फ्टमध्ये १९७०च्या सुमारास त्यांनी 'दियाखोन' नावाची आठ नमुना घरे बांधली. प्रत्येक घरात दोन पक्के गाभे आहेत. एकात जिना, दुसऱ्यात स्वयंपाकघर आणि न्हाणीघर. त्यांच्याभोवती अर्ध्या-अर्ध्या मजल्याच्या उंचीवर सपाट जागा आहेत, एकमेकींकडे पाहणाऱ्या. कुठे निजायचे, कुठे जेवायचे, मुलांनी कुठे अभ्यास करायचा, भिंत घालायची की उघडे ठेवायचे, हे कुटुंबाने ठरवायचे. समोरच्या बाजूलाही एक चौकट दिलेली आहे. तिच्यात कुठे काच बसवायची आणि कुठे फळी, हे घरमालकाचे काम. मुले मोठी झाली, आई-वडील राहायला आले, कुणी घरातूनच व्यवसाय सुरू केला, तर घराला त्याप्रमाणे बदलता येते. यांना अपुरी घरे म्हणणे चूक होईल. पाणी, जिना, आधार, उजेड या अवघड गोष्टी वास्तुकाराने निस्तरलेल्या आहेत. बाकीच्या, ज्या गोष्टींतून माणसाचा स्वभाव दिसतो, त्या त्याने राहणाऱ्यासाठी राखल्या आहेत.

मग आली ती त्यांची सर्वांत गाजलेली इमारत: आपेलडोर्न इथले 'सेंट्राल बेहेर' या विमा कंपनीचे मुख्य कार्यालय. बांधकाम १९६८ ते १९७२. सुमारे हजार माणसे काम करणार होती. त्या काळी युरोपात कार्यालयांसाठी दोनच पर्याय प्रचलित होते. एकतर लांब मार्गिकेच्या दोन्ही बाजूंना बंद खोल्या, नाहीतर एकच अवाढव्य दालन आणि त्यात शेकडो टेबले. पहिल्यात माणूस एकटा पडतो, दुसऱ्यात हरवतो. हर्ट्झबर्गर यांनी तिसरी वाट काढली. नऊ मीटर लांब आणि नऊ मीटर रुंद असे चौरस सज्जे त्यांनी एकावर एक आणि एकाशेजारी एक रचले. प्रत्येक चौरसाच्या चार कोपऱ्यांत माणसांचे छोटे गट बसतात आणि मधून वाट जाते. चौरसांच्या दरम्यान वरपासून खालपर्यंत फटी सोडल्या आहेत. त्यांतून छतावरचा सूर्यप्रकाश तळापर्यंत उतरतो. आपल्या चार माणसांत बसलेल्याला समोरच्या सज्ज्यातले आणि खालच्या मजल्यावरचे सहकारी दिसत राहतात.

भिंती करड्या काँक्रीट ठोकळ्यांच्या, गिलावा न केलेल्या. त्या मुद्दाम तशा ठेवल्या होत्या. रंगवलेल्या, चकचकीत भिंतीला हात लावायचा धीर होत नाही. उघड्या भिंतीवर काहीतरी लावावेसे वाटते. आणि लोकांनी लावले. घरून झाडे आणली, चित्रे आणली, दिवे आणले, आवडीचे सामान आणले. बघता बघता कार्यालयाची वस्ती झाली. जगभरचे वास्तुकार ती पाहायला येऊ लागले.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. टेबलावर कुंडी ठेवायची मुभा भिंत देत नाही, ती संस्था देते. वरिष्ठांनी मनाई केली तर कितीही चांगला सज्जा सुनाच राहणार. हर्ट्झबर्गर यांनाही याची जाण होती. वास्तुकार माणसाला स्वातंत्र्य देऊ शकत नाही, पण स्वातंत्र्य असेल तर ते वापरायला जागा देऊ शकतो. आणि जागाच नसेल, तर असलेले स्वातंत्र्यही वाया जाते.

टीका आणि कसोटी

या कामावर टीकाही झाली आणि तिच्यात तथ्य होते. सेंट्राल बेहेरला ठळक असे एकच मुख्य दार नव्हते. कुठूनही आत यावे, जसे गावात येतो तसे, अशी त्यामागची कल्पना. पण नव्याने येणारा माणूस गोंधळून जाई. सगळे कोपरे सारखेच दिसत असल्यामुळे आतही वाट चुकायची. पुढे नव्वदच्या दशकात विस्तार करताना स्वतंत्र प्रवेशाची इमारत बांधावी लागली. करडे काँक्रीट अनेकांना उदास वाटले. एकाच मापाचा चौरस पुन्हा पुन्हा वापरण्यात जो धोका आहे, तो संरचनावादाच्या इतर अनुयायांच्या इमारतींत अधिकच दिसला. तिथे ताणा होता, पण विणणाऱ्याला वावच उरला नाही.

काही वर्षांपूर्वी कंपनीने ती इमारत सोडली आणि ती रिकामी पडली. तिच्यात घरे करण्याच्या योजना पुढे आल्या. कार्यालयाची घरे होणे ही तर थेट आर्लच्या रिंगणाचीच गोष्ट. ज्याने आयुष्यभर बदलत्या अर्थाचा पुरस्कार केला, त्याच्या सर्वांत प्रसिद्ध इमारतीची ही खरी परीक्षा आहे.

एक परीक्षा मात्र त्यांनी स्पष्टपणे पार केली आहे. उट्रेख्त शहराच्या मध्यभागी १९७९ मध्ये त्यांचे 'फ्रेडेनबुर्ख' संगीत केंद्र उघडले. त्यातले मोठे सभागृह अष्टकोनी आहे आणि सुमारे १,७०० श्रोते वादकांच्या चहूबाजूंनी बसतात. श्रोत्याला वादकांबरोबरच समोरचे श्रोतेही दिसतात, त्यामुळे ऐकणे ही सगळ्यांनी मिळून करायची गोष्ट होते. पुढे शहराने हा परिसर नव्याने बांधायचे ठरवले. भोवतीची इमारत पाडली गेली, पण ते सभागृह राखले. २०१४ मध्ये 'तिवोलीफ्रेडेनबुर्ख' हे नवे संकुल खुले झाले ते या जुन्या सभागृहाला पोटात घेऊनच. त्याचा नाद वादकांना आणि श्रोत्यांना इतका प्रिय होता की त्यावर घाव घालणे कुणाला पटले नसते.

पुन्हा शाळेत

हर्ट्झबर्गर यांनी सर्वाधिक जीव लावला तो शाळांना. १९८३ मध्ये पूर्ण झालेल्या ॲमस्टरडॅमच्या दोन जुळ्या 'अपोलो' शाळांत वर्ग एका मधल्या दालनाभोवती अर्ध्या-अर्ध्या मजल्याच्या फरकाने रचले आहेत. दालनातला रुंद जिना हाच प्रेक्षागृहासारखा बसायच्या पायऱ्यांचा. मुले त्यावर वाचतात, गप्पा मारतात, एकत्र जमतात. शाळेत शिकणे वर्गाच्या दारापाशी संपत नाही. मार्गिका, जिना, खिडकीची बैठक हीदेखील शिकण्याची ठिकाणे आहेत, असे ते मानतात. म्हणून त्यांच्या शाळांत नुसती ये-जा करण्याची वाट जवळजवळ नसतेच. १९९९ मध्ये पूर्ण झालेल्या 'माँटेसरी कॉलेज ऊस्ट'मध्ये अनेक देशांतून आलेल्या कुटुंबांची मुले शिकतात. तिथेही मधल्या उंच पोकळीत रुंद जिने आडवेतिडवे जातात आणि त्यांवर बसायच्या जागा आहेत. वर्गात बुजणारे मूल जिन्यावर मित्र जोडते.

१९७० ते १९९९ अशी जवळपास तीस वर्षे त्यांनी डेल्फ्टच्या विद्यापीठात शिकवले. १९९० मध्ये ॲमस्टरडॅमला सुरू झालेल्या बेर्लागे संस्थेचे ते पहिले प्रमुख होते. विद्यार्थ्यांना दिलेल्या व्याख्यानांतून तयार झालेले त्यांचे पुस्तक १९९१ मध्ये इंग्रजीत आले आणि जगभरच्या वास्तुरचना विद्यालयांत पाठ्यपुस्तकासारखे वाचले गेले. त्यात मोठ्या इमारतींच्या जोडीने पायऱ्या, कठडे, दारे, बाके यांची असंख्य छायाचित्रे आहेत आणि बहुतेकांत माणसे आहेत. वास्तुरचनेच्या पुस्तकांत इमारती रिकाम्या दाखवायची प्रथा असताना या गोष्टीला महत्त्व आहे. त्यांच्या मते माणूस येऊन बसल्याशिवाय इमारत पूर्णच होत नाही.

आज वास्तुकाराची ओळख त्याच्या इमारतीच्या बाह्यरूपावर ठरते. दुरून ओळखू यावी, छायाचित्रात उठून दिसावी, अशी मागणी असते. हर्ट्झबर्गर यांच्या बहुतेक इमारती दुरून लक्ष वेधून घेत नाहीत. त्या जवळ गेल्यावर कळतात, हाताच्या आणि पाठीच्या उंचीवर कळतात. माझ्या मते हीच त्यांची थोरवी. त्यांनी बांधलेल्यापेक्षा दुसऱ्यांसाठी राखून ठेवलेले अधिक मोलाचे आहे, आणि ते राखण्यासाठी त्यांनी फार काटेकोरपणे बांधले.

वाचकांना एकच सांगणे. तुमच्या इमारतीचा, गावातल्या शाळेचा किंवा वाचनालयाचा नवा नकाशा कधी समोर आला, तर खोल्या मोजून झाल्यावर आणखी एक प्रश्न जरूर विचारा: कुणाची वाट पाहत असलेल्या माणसाने इथे कुठे टेकायचे? त्या प्रश्नाचे उत्तर नकाशात सापडले नाही, तर नकाशा परत पाठवा.